मुका पोळा

पुंजारामच्या जिभेला गाव वचकून असायचं, पण ते वर्षातून एकच दिवस. बाकीचे दिवस त्याला कोणी विचारत नसे. वलगावच्या पलीकडे, पेढी नदीच्या काठच्या एका गावात त्याची थोडी काळी जमीन होती, एक बैलजोडी होती, कौशल्या नावाची बायको होती आणि शालू नावाची एकुलती एक पोर होती. वखर हाकावा, कापसाची गाडी अमरावतीच्या बाजारात न्यावी, येताना मीठ-गूळ आणावा, असा त्याचा साधा संसार. चारचौघांत बोलायची वेळ आली की हा आपला पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसायचा. मात्र पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैलांची रांग लागली, की याच माणसाच्या अंगात काय संचारायचं कोणास ठाऊक.

वऱ्हाडात पोळ्याच्या दिवशी झडत्या म्हणायची रीत आहे. बैलांच्या रांगेतून एक जण पुढे होतो, दोन-चार ओळी खड्या आवाजात फेकतो, शेवटी ‘हर बोला’ अशी आरोळी ठोकतो आणि सारं गाव ‘हर हर महादेव’ म्हणून गर्जतं. त्या ओळींत कधी कोणाची स्तुती असते, पण बहुतेक वेळा कोणाची तरी खोड काढलेली असते. त्या दिवशी कोणी रागवायचं नाही, अगदी पाटलानंसुद्धा नाही, असा दंडक. पुंजारामच्या झडत्या आजूबाजूच्या गावांत पाठ होत्या. सातासमुद्रापार अमेरिकेत लढाई जुंपली आणि विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडच्या कापसावर तुटून पडल्या, त्या वर्षांची ही गोष्ट. लोकांच्या हातात इतका पैसा आला की त्याचं काय करावं हे कोणाला उमजेना. जानराव पाटलांनी बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं बसवली, तेव्हा पुंजारामनं त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं:

“कापसाची झाली चांदी, चांदी शिंगाले लावली,
बैल दिसे नवरदेवावानी, पोरं उघडी धावली.
हर बोला!”

गाव हसून लोळलं. जानराव पाटीलही हसले, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप वर्षाच्या बोलीनं राबणाऱ्या सालदारांच्या पोरांना कापड वाटून आले. म्हणजे त्या जिभेला वजन होतं, हे मान्य करायला हवं.

या पुंजारामची धाकटी बहीण जमुना हिचा नवरा म्हणजे खुशालराव. हा एकेकाळचा पाटलांकडचा सालदार, पायात वहाण नसलेला माणूस. पण बैलांच्या शर्यतीत, ज्याला वऱ्हाडात शंकरपट म्हणतात, त्यात दोन बैलांच्या हलक्या छकडीवर उभा राहिला की बघणाऱ्याचे डोळे तिथंच खिळायचे. अशा हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात. कापसाच्या पैशानं गावोगाव पट भरू लागले आणि खुशालरावचं नशीब उघडलं. परतवाड्याला जिंकला, अकोल्याला जिंकला. हातातलं चांदीचं कडं बघायला लहानथोर वाट अडवून उभे राहायचे. ज्या गावाचं नाव वलगावच्या लोकांनासुद्धा धड घेता येत नसे, ते गाव आता ‘खुशालरावचं गाव’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. आणि माणूस दिलदार. लग्नाच्या मांडवाला हातभार लावायचा, कोणाची गाडी चिखलात रुतली तर जिंकलेल्या पागोट्यासकट चिखलात उतरायचा.

त्याची जोडी हरण्या आणि मोऱ्या. त्यातही हरण्या म्हणजे गावाचा जीव. पट सोडताना खुशालराव पोळ्याचीच आरोळी द्यायचा, ‘हर बोला!’ आणि ती ऐकली की हरण्या असा उसळायचा की दुसऱ्या जोड्या जागच्या जागी राहायच्या. पुढे पुढे तर पोळ्याच्या दिवशी गाव ‘हर हर महादेव’ गर्जलं, की उभ्या जागी हरण्याच्या अंगावर थरथराट उठायचा, डोळे पांढरे व्हायचे. बायका हात जोडायच्या. बैलाच्या अंगात येतं, हा साक्षात नंदी आहे, असं गावानं ठरवून टाकलं. दर पोळ्याला त्याच्या कपाळावर कुंकवाचा थर चढायचा. पुंजारामनं यावर एक झडतीसुद्धा रचली होती, आणि ती पार तेल्हाऱ्यापर्यंत पोचली होती.

पुंजारामचं मेहुण्यावर प्रेम होतं, आणि त्याला कारण शालू. तीन वर्षांची असताना तिनं चिंचोका तोंडात टाकला आणि तो घशात अडकला. श्वास शिट्टीसारखा वाजू लागला, ओठ निळे पडले. गावातल्या म्हातारीनं पाठीवर थापट्या मारल्या, काही होईना. तेव्हा खुशालरावनं कोणाला न विचारता हरण्या-मोऱ्याची छकडी जुंपली, पोरीला पुंजारामच्या मांडीवर दिलं आणि गाडी थेट अमरावतीच्या हकिमाच्या दारात नेऊन थांबवली. हकिमानं चिमट्यानं चिंचोका काढला. पोर रडली आणि पुंजारामचा जीव भांड्यात पडला. वाटेत काय झालं हे त्याला कधीच नीट आठवलं नाही. त्याचं सारं लक्ष त्या शिट्टीकडे होतं. एवढंच आठवायचं की मेहुणा सारखा ओरडत होता, ‘हर बोला, हर बोला’, आणि रस्ता पायाखालून नुसता पळत होता.

असा हा खुशालराव त्या माघात तेल्हाऱ्याच्या पटात गेला. जिंकला, आणि रेघ ओलांडल्यावर छकडीचं चाक दगडावर चढलं. तिथंच छातीवर मार बसून संपला. गावात पंधरा दिवस चूल नीट पेटली नाही म्हणतात, आणि त्यात फारसं खोटं नसावं.

श्रावण सरत आला तसं पाटलांनी पुंजारामला बोलावून घेतलं. खुशालरावची तुतारी, म्हणजे टोकाला लोखंडी आर बसवलेली बैल हाकायची काठी, चावडीत खुंटीला टांगून तिला झेंडूचा हार घातला होता. पाटलांचे डोळे ओले होते. ते म्हणाले की यंदा तोरणाखालचा पहिला मान आपल्या जोडीचा नाही, हरण्या-मोऱ्याचा. पुंजारामनं खुशालरावच्या नावानं अशी झडती म्हणायची की मेलेला माणूस उभा राहिला पाहिजे. ती झाली की पाटील सर्वांसमक्ष ही तुतारी आपल्या पुतण्याच्या, पंजाबरावच्या हातात देणार. माघापासून हरण्या पुन्हा पटात उतरेल, खुशालरावचं नाव चालू राहील. जोडीच्या वैरणीचा खर्च पाटलांचा. पाटील हे मनापासून बोलत होते. पुंजारामलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. झडती तर त्याच्या ओठांवर तयारच होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, दिवस कलताना, बैलांचे खांदे शेकतात. जिथं वर्षभर जू घासतं तिथं कोमट तूप-हळद पळसाच्या पानानं चोळायची, आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. जमुनाच्या घरी आता पुरुषमाणूस नाही, म्हणून पुंजाराम गेला. मोऱ्यानं मुकाट चोळून घेतलं. हरण्यापाशी आला आणि खांद्यावरून हात फिरवता फिरवता, कामात असलेला माणूस गुणगुणतो तसा, उद्याची झडती तोंडातल्या तोंडात म्हणू लागला. शेवटी सवयीनं पुटपुटला, ‘हर बोला.’

त्याच्या तळहाताखालची कातडी एकदम आक्रसली. नुसती खांद्याची नाही. थरथराट पाठीवरून मागे धावत गेला, बैलानं शेपूट पोटाखाली घेतलं आणि तो कण्हला. भिंतीकडे सरकायला जागा नव्हती, तरी सरकला. पुंजाराम गोंधळला. इथं ना गर्दी होती, ना वाजंत्री, ना तोरण. आणि नंदी महादेवाच्या नावाला कण्हतो होय? त्यानं मागे जाऊन शेपटाच्या मुळाशी हात घातला. केसांखाली बोटांना लागली ती कातडी नव्हती. गाठी होत्या, खड्डे होते, एकावर एक. काही जुने, टणक झालेले. काही गेल्या माघातले, अजून गुलाबी. त्यात हळद भरलेली होती, म्हणजे कोणीतरी रोज भरत होतं.

जमुना दारात उभी होती. ती म्हणाली, “दादा, ते नाव त्याच्यापाशी घेत नको जाऊ.”

मग तिनं सांगितलं. खुशालराव ‘हर बोला’ म्हणायचा आणि त्याच क्षणी आर टोचायचा. खोंड होता तेव्हापासून. शब्द आणि टोचणी, शब्द आणि टोचणी, असं करत करत पुढे नुसत्या शब्दानंही बैल पळू लागला, पण पटाच्या दिवशी नुसत्या शब्दावर विसंबायची खुशालरावची छाती होत नसे. हरलो तर परत सालदार होऊ, याचं त्याला भय होतं. पोळ्याला गाव गर्जायचं तेव्हा बैलाला वाटायचं की आता टोचतील. गाव म्हणायचं अंगात आलं.

“अन् घरी आले की तेच हळद भरत,” जमुना म्हणाली. “याच्या गळ्यात पडून रडत. मी पाहेलं हाये. मले म्हनत, पुढच्या बारीले नाई टोचनार. दर बारीले म्हनत.”

पुंजाराम गोठ्यातच बसला. मेहुण्याचा राग यावा म्हणून त्यानं प्रयत्न करून पाहिला, तर डोळ्यांपुढे निळ्या ओठांची शालू आली. त्या दिवशी ‘हर बोला, हर बोला’ कशासाठी चाललं होतं हे आता त्याला कळलं. त्या हाकेनं त्याची पोर वाचली होती, आणि प्रत्येक हाकेला बैलाच्या अंगात लोखंड शिरत होतं. त्याला फार वाईट वाटलं. आपल्या झडतीची तर त्याला शिसारीच आली.

त्यानं बहिणीला पाटलांचा बेत सांगितला. जमुनाला तो माहीत नव्हता. ती खांबाला टेकली. विधवा बाई, चावडीपुढे जाऊन बोलायची सोय नाही. पाटील वैरण देणार म्हणजे नाही म्हणायलाही तोंड नाही. पुंजारामनं उद्या खुशालरावची आरती ओवाळली की तुतारी पंजाबरावच्या हातात गेली म्हणून समजा.

“मंग खरं सांगून टाकू काय गावाले?” पुंजारामनं विचारलं.

“खरं सांगशील तं त्यायच्या नावावर थुकतील लोकं. तुह्या झडत्यायची रीत मले मालूम हाये. एक तं मानसाले डोक्यावर घेतं, नाई तं मातीत घालतं.” तिनं हरण्याच्या पाठीवरून हात फिरवला. “मले दोन्ही पायजे, दादा. त्यायचं नाव राह्यलं पायजे, अन् हा छकडीले लागला नाई पायजे. बाकी तू पाय.”

पाहा म्हणे. बायका असं काही मागतात आणि आत भांडी घासायला निघून जातात. पुंजारामला त्या रात्री झोप लागली नाही, आणि कौशल्यानं दोनदा विचारूनही त्यानं कारण सांगितलं नाही.

पोळ्याच्या दिवशी दुपार उतरताना गावाबाहेर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं गेलं. जोड्या आल्या. रंगवलेली शिंगं, बेगड, घुंगरमाळा, पाठीवर झुली. कापसाचा पैसा माणसांच्या अंगावर दिसत नव्हता तेवढा बैलांच्या अंगावर दिसत होता. सर्वांच्या पुढे हरण्या आणि मोऱ्या. कासरा पुंजारामच्या हातात. समोर जानराव पाटील, शेजारी नवा फेटा बांधलेला पंजाबराव, आणि पाटलांच्या हातात हार घातलेली ती तुतारी.

पहिली झडती पुंजारामची ठरलेली. पण रांगेच्या दुसऱ्या टोकाला एका उतावळ्यानं गंमत म्हणून मध्येच आपली झडती सोडली आणि शेवटी ‘हर बोला’ केलं. गाव सवयीनं गर्जलं. हरण्याचे पाय लटपटले. डोळे पांढरे झाले, तोंडाला फेस आला, आणि तो पुढच्या गुडघ्यांवर बसला. “अंगात आलं, अंगात आलं,” म्हणत बाया कुंकवाच्या कोयऱ्या घेऊन पुढे धावल्या. पाटलांनीसुद्धा हात जोडले.

पुंजाराम बैलाच्या आडवा उभा राहिला. त्यानं हात वर केला आणि म्हणाला, “आज माह्या झडतीले कोनी महादेव म्हनू नका. पाया पडतो तुमच्या.”

कुजबुज झाली. झडती, आणि ‘हर हर महादेव’ नाही? असं कोणी कधी ऐकलं नव्हतं. पाटलांच्या कपाळाला आठी पडली. “काहून रे, पुंजाराम?”

“आंदी आयका, पाटील.”

त्याचा आवाज नेहमीसारखा खडा नव्हता. मागच्यांना ऐकू यावं म्हणून पुढचे आपोआप गप्प झाले.

“खुशालराव धुरकरी, वाऱ्याच्या पुढं गेला,
गावाचं नाव मोठं केलं, अन् हरण्या अर्धा मेला.
चांदीचं कडं साऱ्यानं पाह्यलं, रगत पाह्यलं कोनं?
हरण्याच्या पाठीवर हाये आपल्या गावाचं लेनं.
एक घाव त्याच्यातला माह्या शालूच्या जिवाचा,
कोनता थो मले नाई मालूम, मी देनदार साऱ्याचा.”

एवढं म्हणून त्यानं हरण्याच्या पाठीवरची झूल मागून उचलली आणि शेपूट बाजूला धरलं. कालची हळद प्रत्येक खड्ड्यात बसली होती, त्यामुळे दूरच्यालाही दिसत होतं. मग तो थांबला. सवयीनं शंभर तोंडं उघडली होती. ती तशीच मिटली.

पाटील पुढे आले. वाकून पाहिलं. बोट लावलं तशी कातडी थरथरली आणि त्यांनी हात मागे घेतला. वर्षानुवर्षं आपण याच थरथरीला कुंकू वाहिलं, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला. खुशालरावला त्यांनीच पोरासारखं वाढवलं होतं. एक शब्दही त्याच्याविरुद्ध ते बोलले नाहीत. पंजाबरावनं पुढे केलेला हात मात्र त्यांनी पाहिलाच नाही, की पाहून न पाहिल्यासारखं केलं. तुतारी काखेत मारली आणि म्हणाले, “ने त्याले घरी, पुंजाराम. सावकाश ने. आज घाई कोनाले हाये.”

हरण्या उठला. तोरणाखालून आपल्या चालीनं गेला आणि त्याच्यामागून एकेक जोडी गेली. वाजंत्र्यांनी वाजवलं नाही, पोरांनी शिट्ट्या मारल्या नाहीत. पोळा फुटला तो नुसत्या घुंगरांच्या आवाजात. त्या वर्षाला गाव पुढे कितीतरी दिवस मुका पोळा म्हणत असे.

पुढे पुंजाराम म्हातारा होईपर्यंत झडत्या म्हणत राहिला. जीभ तितकीच तिखट, आणि बाकीचे दिवस तितकाच गरीब. हरण्या-मोऱ्यासमोर मात्र गर्जना करायची नाही असा रिवाजच पडला. आधी ती जोडी शांतपणे तोरणाखालून जायची, ती लांब गेली की मग गाव घसा मोकळा करायचं. खुशालरावचं नावही टिकलं. नंतरही पटाची गोष्ट निघाली की लोक आधी त्याचंच नाव घ्यायचे, मग जरा घुटमळायचे आणि ‘पन बैलाले लई सोसावं लागलं’ असं म्हणायचे. चावडीतली तुतारी पुन्हा खुंटीवर लागली. पुढच्या पोळ्याला तिचा हार बदलताना दिसलं की टोकाची आर काढून घेतलेली आहे. कोणी काढली, हे पाटलांना कोणी विचारलं नाही.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. पोळा फुटल्यावर बैल घरी येतात, त्यांचे पाय धुतात, ओवाळतात, पुरणपोळीचा घास देतात. जमुनानं ओवाळायचं नाही म्हणून शालू आली होती, परकराचा ओचा खोचून, हातात तांब्या घेऊन. तोरणापाशी ती बायांच्या घोळक्यात होती आणि तिनं सारं ऐकलं होतं. तिनं हरण्याचे पाय धुतले, कपाळाला कुंकू न लावता नुसता हात लावला. मग हळदीची वाटी उचलून ती बापाकडे वळली.

“बा, माहा घाव कोनता?”

पुंजारामनं कासरा हाती घेतला. “नाई मालूम, बाई.”

शालूनं थोडा विचार केला. मग ती हरण्याच्या मागे गेली, जिथं तो सहसा कोणाला उभं राहू देत नसे, आणि हळदीचं बोट एका खड्ड्यात टेकवलं. मग त्याच्या शेजारच्या. मग त्याच्या खालच्या. बैलाची कातडी प्रत्येक बोटाला थरथरत होती, पण त्यानं पाय उचलला नाही. पुंजाराम त्याचा कासरा धरून उभा होता आणि उघड रडत होता.

पुरणपोळीचं ताट हातात घेऊन जमुना उंबऱ्याच्या आतच थांबली होती. ती म्हणाली, “होऊ दे सारे. मंग जेवाले वाढू त्याले.”